तिघांतला तिसरा कुठे?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या लोह्याच्या, कंधारच्या किंवा लातूरच्या कुठल्याही विद्यार्थ्याला 'त्रिपक्षीय संघर्ष' म्हटलं की तीन नावं झोपेतही आठवतात: गुर्जर-प्रतिहार, पाल आणि राष्ट्रकूट. आठव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे शंभरेक वर्षं ही तीन घराणी कनौजसाठी झुंजत राहिली. प्रतिहार पश्चिमेकडून आले, पाल बंगालमधून आणि राष्ट्रकूट आपल्या दक्खनेतून. 'आपल्या' हा शब्द इथे मायेपोटी आलेला नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लट्टलूरपुरवराधीश्वर' म्हणवून घेत आणि हे लट्टलूर म्हणजे आजचं लातूर असं अभ्यासक मानतात. लोह्याच्या शेजारचा कंधारचा भुईकोट त्यांच्याच काळाशी जोडला जातो. वेरूळचं कैलास लेणं त्यांचंच. हाच विद्यार्थी अभ्यासातून उठून घटकाभर विरंगुळा म्हणून संगणकावर 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग उघडतो, तेव्हा त्याला काय दिसतं? एप्रिल २०२२मध्ये आलेल्या 'डायनॅस्टीज ऑफ इंडिया' या विस्तारात भारताच्या वाट्याला चार स्वतंत्र संस्कृती आल्या आहेत: बंगाली, गुर्जर, द्रविड आणि हिंदुस्तानी. बंगाल्यांच्या रूपाने पाल आले, गुर्जरांच्या रूपाने प्रतिहार आले. तिघांतला तिसरा मात्र कुठेच नाही.

ही तक्रार पुष्कळांना पोरकट वाटेल. खेळ तो खेळ, त्यात एखादं घराणं असलं काय आणि नसलं काय. पण वर्षानुवर्षं चालणाऱ्या खेळमालिकेतल्या अशा बारीकसारीक विसंगतींवर जे चाहते हुज्जत घालतात, त्यांना रिकामटेकडं समजण्यात आपली चूक होते आहे असं मला वाटतं. या हुज्जतीत एक तत्त्व आहे. खेळ जगातला प्रत्येक तपशील हुबेहूब दाखवत नाही म्हणून हे चाहते रागावत नाहीत. जो नियम खेळाने स्वतःहून घालून दिला आणि चार ठिकाणी निष्ठेने पाळला, तोच पाचव्या ठिकाणी कारण न सांगता सोडला, याचा त्यांना राग येतो. हा राग योग्य आहे, उपयोगी आहे, आणि नांदेड-लातूरच्या मुलांनी तो अभ्यास करून, पुराव्यानिशी, मोठ्याने बोलून दाखवला पाहिजे.

आधी मालिकेची ओळख करून देतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या एन्सेंबल स्टुडिओजने १९९७मध्ये पहिला 'एज ऑफ एम्पायर्स' केला आणि मायक्रोसॉफ्टने तो बाजारात आणला. मध्ययुगावरचा दुसरा भाग १९९९मध्ये आला आणि तो आजही खेळला जातो. सुरुवातीला त्यात १३ संस्कृती होत्या. विस्तारांमागून विस्तार येत त्या आता पन्नासच्या घरात गेल्या आहेत. खेळाडूने एक संस्कृती निवडायची, गावकरी कामाला लावून लाकूड, धान्य, सोनं आणि दगड गोळा करायचा, युगामागून युग ओलांडायचं आणि सैन्य उभारून शत्रूला नमवायचं, असा सगळा खेळ आहे. पण या मालिकेची मोहिनी लढाईपेक्षा एका वचनात आहे. प्रत्येक संस्कृती वेगळी असेल हे ते वचन. प्रत्येकीला आपलं खास सैन्य, आपली भव्य वास्तू, आपले डावपेच. शिपायावर क्लिक केलं की तो आपल्या भाषेत उत्तर देतो. हे वचन खेळाडूने मागितलेलं नव्हतं, निर्मात्यांनीच दिलं. आणि पंचवीसहून अधिक वर्षं ते देत राहिल्यामुळेच या खेळाचा चाहता इतका चोखंदळ झाला आहे. बायझंटाइन साम्राज्याची लोकभाषा ग्रीक असताना खेळातले बायझंटाइन लॅटिन का बोलतात, हूणांच्या तोंडी मंगोल भाषा का, असे प्रश्न त्याला पडतात ते यामुळेच. ज्या खेळात सगळेच इंग्रजी बोलतात, तिथे हे प्रश्न कुणी विचारत नाही.

इथे संकेत आणि विसंगती यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. आपल्या तमाशातल्या वगात नट रंगमंचावर एक फेरी मारतो आणि गाव बदलतं. 'आलो बरं का दरबारात' म्हटलं की दरबार उभा राहतो. प्रेक्षकांतला एकही माणूस उठून विचारत नाही की बाबा, इतक्या लवकर कसा पोचलास. तो संकेत आहे, दोन्ही बाजूंनी मान्य केलेला. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्येही शिपाई जवळजवळ घराएवढा उंच असतो, ५० एकक धान्य दिलं की नवा गावकरी तयार होतो, शेकडो वर्षांची युगं तासाभरात उलटतात. यातल्या कशाबद्दलही चाहते तक्रार करत नाहीत, कारण हे सगळ्यांना सारखंच लागू आहे. पण वगातला राजा पहिल्या प्रवेशात उजव्या हाताने पांगळा असेल आणि तिसऱ्या प्रवेशात त्याच हाताने तलवार परजू लागला, तर मागच्या रांगेतला माणूसही ओरडेल. त्याचं लक्ष आहे म्हणूनच तो ओरडेल. विसंगती दिसायला आधी मनापासून पाहावं लागतं. म्हणून बारीक चूक दाखवणारा चाहता हा त्या कलाकृतीचा सगळ्यात इमानी प्रेक्षक असतो.

नियमाशी इमान राखलं की खेळ किती सुंदर होतो, याचं उदाहरण याच मालिकेत आहे. २०००मध्ये आलेल्या 'द कॉन्करर्स' या विस्तारात मेक्सिकोतले अ‍ॅझ्टेक आणि माया आले. स्पॅनिश लोक येईपर्यंत त्यांच्या भूमीवर घोडा नव्हता. निर्मात्यांसमोर पेच होता: घोडदळ म्हणजे खेळातलं सगळ्यात चपळ अस्त्र, ते काढून घेतलं तर या दोन संस्कृती लंगड्या पडतील. त्यांनी खोटे घोडे दिले नाहीत. त्यांनी गरुडवीर हा नवा पायदळ सैनिक घडवला, पायी पण वेगाने धावणारा. इतिहासाची अडचण खेळाची गंमत झाली. हेच अ‍ॅझ्टेक खेळात दगडफेकीची अवजड युरोपीय यंत्रं मात्र बिनदिक्कत वापरतात आणि चाहते त्यावर आजही बोट ठेवतात. पण तिथे निदान कारण दिसतं. वेढ्याची यंत्रं नसतील तर किल्ला पडणार नाही आणि डाव पुढे सरकणार नाही. कारण दिसत असलं की माणूस सवलत देतो. घोड्याच्या बाबतीत घेतलेली काळजी एकदा पाहिल्यावर खेळाडू तीच काळजी सगळीकडे शोधू लागतो, यात त्याचा दोष नाही. ती अपेक्षा खेळानेच त्याच्यात रुजवली.

आता तीच फूटपट्टी आपल्याकडे लावून पाहू, आणि त्यासाठी हत्तीच घेऊ. १९९९च्या मूळ खेळात भारत नव्हताच, पण इराण्यांना लढाऊ हत्ती होते. इराणच्या फौजांत जे हत्ती येत ते बहुतांशी हिंदुस्थानातून जात, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला माहीत असतं. म्हणजे हत्ती आला आणि त्याचा देश बाहेर राहिला. २०१३मध्ये 'द फरगॉटन' या विस्तारात 'इंडियन्स' नावाची एकच संस्कृती आली. सबंध उपखंड तिच्यात कोंबलेला. त्यांना हत्तीवर बसलेला तिरंदाज मिळाला, पण शत्रूवर चाल करून जाणारं गजदल मिळालं नाही. त्यांची मोठी ताकद ठरली उंट. मग २०१६च्या अखेरीस आग्नेय आशियावरचा विस्तार आला आणि त्यात ब्रह्मी, ख्मेर, मलय आणि व्हिएतनामी या चौघांनाही गजदल दिलं गेलं. गंमत म्हणजे त्या विस्ताराच्या नावातच 'राजा' हा आपला शब्द आहे. पुढची पाच वर्षं या खेळात व्हिएतनामचा सेनापती गजदल घेऊन मैदानात उतरत होता आणि भारताचा सेनापती त्याच्याकडे बघत राहत होता. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावरचे अणकुचीदार खिळे कशासाठी आहेत हे पुण्याला सहलीला गेलेलं शाळकरी पोरही सांगेल: हत्तीने धडक देऊन दरवाजा फोडू नये म्हणून. २०२२मध्ये अखेर ही चूक सुधारली. भारतीय संस्कृतींना भिंती-दरवाजे फोडायला लाकडी ओंडक्याच्या यंत्राऐवजी चिलखत घातलेला हत्ती मिळाला. तो बदल पाहिला की कळतं, हे आधीही करता आलं असतं आणि केल्याने खेळ बिघडला नाही, उलट खुलला.

पण त्याच सुधारणेत नवी विसंगती शिरली. चार नावं पुन्हा वाचा: बंगाली, गुर्जर, द्रविड, हिंदुस्तानी. पहिलं नाव एका भाषेच्या लोकांचं, दुसरं एका जनसमूहाचं आणि त्याच्या राजघराण्याचं, तिसरं अख्ख्या भाषाकुळाचं, चौथं उत्तरेतल्या सल्तनतींच्या आणि मोगलांच्या काळाचं. चार शेतं मोजताना एक पावलांनी, एक काठीने, एक दोरीने आणि एक नजरेने मोजावं तसं हे झालं. मोजणीच अशी असल्यावर बांधावरची जमीन कुणाच्याच उताऱ्यावर येत नाही, आणि दक्खनचं नेमकं तेच झालं. राष्ट्रकूटांना बसवायचंच म्हटलं तर द्रविडांत बसवावं लागेल. पण खेळातले द्रविड तमिळ बोलतात, त्यांची ताकद पायदळात आणि आरमारात आहे, त्यांच्या मोहिमेचा नायक राजेंद्र चोळ आहे आणि त्यांचं घोडदळ कच्चं आहे. चोळांना हा मान मिळाला याचा आनंदच आहे. समुद्रापार फौज नेणारा राजा त्याला पात्रच होता. मात्र ९४९मध्ये तक्कोलमच्या लढाईत राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या फौजेने चोळांचा पराभव केला आणि चोळ युवराज राजादित्य हत्तीच्या पाठीवरच मारला गेला. ज्यांनी चोळांना हरवलं त्यांनी चोळांच्याच वेशात, तमिळ बोलत, गलबतांत बसून लढायचं, हे खेळाच्या स्वतःच्या नियमाला धरून नाही.

घोड्यांचं उदाहरण तर लोहा तालुक्याच्या अगदी दारात आहे. माळेगावच्या खंडोबाची यात्रा दरवर्षी मार्गशीर्षाच्या अखेरीस भरते. घोडे, गाढवं, उंट आणि गुरं यांचा तिथला बाजार दूरदूर नावाजलेला आहे. घोड्याची चाल, त्याच्या अंगावरचे भोवरे, दातांवरून वय ओळखणारी माणसं तिथे आजही भेटतात. खंडोबा हा देवच मुळी घोड्यावर बसणारा. बहामनी सुलतानांपासून मराठ्यांपर्यंत दक्खनची लढाई घोड्याच्या पाठीवरून लढली गेली. परदेशी घोड्यांचा व्यापार हे इथल्या राजकारणाचं मोठं प्रकरण होतं. अशा मुलखाला 'घोडदळ कच्चं' या रकान्यात टाकणं म्हणजे अ‍ॅझ्टेकांना घोडे देण्याएवढीच उलट दिशेची चूक. तिथे जी दक्षता घेतली ती इथे का घेतली नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि हे कुणालाच जमलं नाही असंही नाही. 'क्रुसेडर किंग्स' या दुसऱ्या मालिकेच्या ८६७ सालच्या नकाशावर राष्ट्रकूटांचं राज्य आहे. २००९च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये अठराव्या शतकातली मराठी सत्ता खेळाडूला निवडता येते. दक्खन परदेशी निर्मात्यांना ठाऊक नाही ही सबब टिकत नाही.

यावर पहिला आक्षेप समतोलाचा. खेळ म्हणजे पाठ्यपुस्तक नव्हे. प्रत्येक घराण्याला जागा देत बसलं तर दोनशे संस्कृती होतील आणि त्यांची ताकद एकमेकांशी जुळवता जुळवता निर्मात्यांची दमछाक होईल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो खरा आहे. उद्या शिलाहार, कदंब, वाकाटक, होयसळ सगळेच दार ठोठावतील. पण माझं म्हणणं 'सगळ्यांना घ्या' असं नाहीच. 'ज्या कसाने पहिल्या दोघांना घेतलं त्याच कसावर तिसऱ्यालाही तपासा' असं आहे. त्रिपक्षीय संघर्षातल्या दोन पक्षांना स्वतंत्र घर आणि तिसऱ्याला काहीच नाही, हा प्रश्न संख्येचा नाही, निवडीच्या सुसंगतीचा आहे. नवव्या शतकात सुलेमान या अरब व्यापाऱ्याच्या नावावर असलेल्या वृत्तांतात जगातल्या चार मोठ्या राजांत 'बल्हारा' गणला गेला, आणि हा बल्हारा म्हणजे राष्ट्रकूटांचा वल्लभराज. बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट आणि बायझंटाइन बादशहा हे त्या यादीतले उरलेले तिघे. त्या तिघांच्या संस्कृती या खेळात १९९९पासून आहेत. समतोलाचं कारण असेल तर निर्मात्यांनी ते सांगावं. मोकळेपणाने सांगितलेली अडचण चाहते समजून घेतात. न सांगितलेली अडचण म्हणजे नजरचूक, असंच धरलं जातं.

दुसरा आक्षेप आपल्या माणसांचा आहे आणि तो जास्त टोचणारा आहे. मराठवाड्यात पाण्याचे प्रश्न, सोयाबीन-कापसाच्या भावाचे प्रश्न, पोरांच्या नोकरीचे प्रश्न. त्यात संगणकातल्या हत्ती-घोड्यांसाठी वर्तमानपत्राचे रकाने कशाला? याचं उत्तर असं की मुलं काय पाहतात आणि कशातून जग समजून घेतात हाही आपलाच प्रश्न आहे. सप्टेंबर २०२०मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा तालुक्याच्या गावांतही तीच चर्चा होती, आणि पुढच्या वर्षी तोच खेळ भारतापुरत्या नव्या नावाने परतला तेव्हाही. म्हणजे खेळ इथे घराघरांत आहेत. त्यांचा आपण विचार करतो तो फक्त 'वेळ वाया जातो' आणि 'डोळे बिघडतात' एवढाच. सिनेमाबद्दलही एके काळी एवढंच बोललं जात होतं. आज सिनेमावर आपण रसिक म्हणून, अभ्यासक म्हणून लिहितो-बोलतो. खेळांनाही ती नजर द्यायची वेळ आली आहे. 'एज ऑफ एम्पायर्स'मधून मध्ययुगाच्या इतिहासाची गोडी लागलेली माणसं जगभर आहेत. जर खेळ इतिहासाचं दार उघडत असेल, तर त्या दारातून आपलं गाव दिसतं की नाही, याची चौकशी करणं क्षुल्लक कसं?

तिसरा आक्षेप गमतीचा, पण विचार करायला लावणारा. काही विसंगती इतक्या लाडक्या होतात की त्या सुधारल्या तर चाहतेच हळहळतील. 'सिव्हिलायझेशन' या मालिकेत भारताचे नेते गांधीजी आहेत आणि ते अण्वस्त्रं टाकायला निघतात, ही दंतकथा जगभर पसरली. १९९१च्या पहिल्या खेळातल्या एका आकड्याच्या घोटाळ्यामुळे असं झालं, अशी तिची उपपत्तीही सांगितली जायची. पुढे मालिकेचे जनक सिड मायर यांनी २०२०मध्ये आलेल्या आठवणींच्या पुस्तकात तसा घोटाळा मुळात नव्हताच असं स्पष्ट केलं. मात्र २०१०च्या पाचव्या भागात निर्मात्यांनी गांधीजींचं अण्वस्त्रप्रेम मुद्दाम वाढवून ठेवलं होतं. अहिंसेच्या उपासकाच्या हाती अण्वस्त्र देणं आपल्याला रुचेल की नाही हा वेगळा विषय. पण आक्षेपाला उत्तर या उदाहरणातच आहे. ही विसंगती लाडकी झाली ती निर्मात्यांनी ती ओळखली, स्वीकारली आणि जाणूनबुजून पुढे नेली म्हणून. त्या क्षणी ती विसंगती उरली नाही, मालिकेचा संकेत झाली. राष्ट्रकूटांच्या अनुपस्थितीत अशी कसलीच जाणीव दिसत नाही. तिथे फक्त रिकामी जागा आहे, आणि रिकाम्या जागेवर कुणाचं प्रेम बसत नाही.

इथे आपल्याच बाजूच्या एका धोक्याबद्दल बोललं पाहिजे. महाराष्ट्रात इतिहासाच्या चित्रणावरून वाद नवे नाहीत. २०१५च्या 'बाजीराव मस्तानी' चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्या तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. खेळांबद्दलची तक्रारही त्याच वाटेने गेली, तर 'आमचा अपमान झाला' एवढंच म्हणणं उरेल आणि बंदीची मागणी येईल. मला ती वाट मान्य नाही. अस्मितेची तक्रार म्हणते की आमचं आहे म्हणून मोठं दाखवा. सुसंगतीची तक्रार म्हणते की तुम्ही ठरवलेल्या मापाने मोजा, आमचं जेवढं भरेल तेवढंच द्या. पहिली तक्रार ऐकून निर्माता घाबरतो आणि तो विषयच टाळतो. दुसरी ऐकून तो कामाला लागतो. म्हणूनच तोलून-मापून बोलणारा, आपला मुद्दा चुकला तर मागे घेणारा चाहता या माध्यमाला हवा आहे. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट आजच्या कर्नाटकातल्या मळखेडला होती आणि त्यांच्या दरबारात कन्नडला मोठं स्थान होतं. त्यांना केवळ 'मराठी' म्हणून मागणं हीही विसंगतीच ठरेल. लातूर, कंधार, वेरूळ आणि मळखेड यांना एकत्र सांधणारी दक्खन, असंच ते मागणं असलं पाहिजे.

अशी मागणी ऐकली जाते का? या मालिकेचा इतिहास सांगतो की जाते. एन्सेंबल स्टुडिओज २००९मध्ये बंद पडला. दुसऱ्या भागाचा धनी कुणी उरला नाही असं वाटत होतं. तेव्हा काही चाहत्यांनी फावल्या वेळात, बिनपैशांनी, खेळात नव्या संस्कृती घालणारा 'फरगॉटन एम्पायर्स' हा मॉड तयार केला. तो २०१२च्या अखेरीस बाहेर आला आणि वर्षभरात मायक्रोसॉफ्टने त्याच मंडळींकडून तो अधिकृत विस्तार म्हणून काढला. वर ज्या 'द फरगॉटन'चा उल्लेख केला, तोच हा. म्हणजे कालचे हुज्जतखोर चाहते आजचे निर्माते झाले. २०२०मध्ये तिसऱ्या भागाची नवी आवृत्ती आली तेव्हा अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातींची परक्यांनी ठेवलेली नावं बदलून 'लकोटा' आणि 'होडेनोशोनी' ही त्यांची स्वतःची नावं वापरली गेली आणि त्या समाजांतल्या जाणकारांचा सल्लाही घेतला गेला. 'इंडियन्स' या एका गाठोड्याच्या जागी चार संस्कृती आल्या, तेही एकसारखं बोलत राहणाऱ्या खेळाडूंशिवाय झालं नसतं. जिथे जाणकार बोलले तिथे खेळ सुधारला. दक्खनेतून कुणी पुरेसं बोललंच नाही, म्हणून दक्खन राहिली, असं मला वाटतं.

तेव्हा करायचं काय? नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत इतिहासाचे विभाग आहेत, संगणकशास्त्राचे विभाग आहेत आणि दोन्हींकडची मुलं संध्याकाळी हेच खेळ खेळतात. 'एज ऑफ एम्पायर्स'मध्ये १९९९पासून नकाशे आणि प्रसंग रचण्याचं साधन आहे. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही, प्रोग्रॅमिंगही फारसं यावं लागत नाही. कंधारचा किल्ला डोंगरी नाही, भुईकोट आहे. त्याचं बळ उंचीत नसून तटाभोवतीच्या पाण्याच्या खंदकात आहे. चालू डावात खेळाडूला खंदक खणता येत नाही, पण नकाशा रचताना तटाभोवती पाण्याचे चौकोन मांडता येतात. चार विद्यार्थ्यांनी किल्ल्यावर जाऊन पावलं मोजली, तटबंदीचा आराखडा काढला, दरवाजे कुठल्या दिशेला आहेत ते टिपलं आणि तो नकाशा त्रिपक्षीय संघर्षाच्या एका टिपणासह जगापुढे ठेवला, तर ती या मालिकेला केलेली सगळ्यात सभ्य आणि सगळ्यात ठाम सूचना ठरेल. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत आपण तीन नावं लिहितो आणि एक जरी गाळलं तरी गुण कापले जातात. ज्या खेळावर प्रेम आहे त्यालाही तेवढ्याच काटेकोरपणे तपासू या, आणि गाळलेलं तिसरं नाव आपल्या हाताने, खंदकासकट, त्याच्या नकाशावर भरून देऊ या.